थंड खोलीतला निशिगंध

९ जानेवारी

भिंगरे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र केराच्या डब्याकडे नेलं असशील, तर तिथे उभी राहूनच वाच. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. कामाचं पत्र आहे.

बँकेतल्या बाई आठवतात ना? दर हिवाळ्यात आपल्याकडून सेंट नेणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या? त्या आता निवृत्त झाल्यात, पण बोलणं अजून खिडकीपलीकडून अर्ज परत केल्यासारखंच. काल दुकानात आल्या. मी सवयीने मधल्या फळीवरची माझ्या अनंताच्या फुलाच्या सेंटची बाटली काढली, तर हात वर करून म्हणाल्या, "ते नको. हिवाळ्यात ते माझं आहेच. मला मेमधलं हवंय."

"मेमधलं म्हणजे?"

"मेमध्ये मुलीचं लग्न आहे. भर दुपारी, बागेत. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला तुमचं अनंत लावून गेले होते. अर्ध्या तासात माझंच डोकं उठलं. शेजारची बाई तर खुर्ची उचलून पलीकडे जाऊन बसली."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या बहिणीच्या हाताचा एकदा वास आला होता मला. बारा वर्षं झाली. बाटली गुंडाळून देत होती ती, उकाडा म्हणजे नुसता जीव जात होता. निशिगंध होता. मी घरी जाईपर्यंत बाटलीच्या कागदाचाच वास घेत होते. ते द्या मला."

"ते आम्ही विकत नाही," मी म्हटलं.

"का?"

मी अनंताची बाटली परत फळीवर ठेवली.

तुझी निशिगंधाची ती बाटली माझ्याकडे आहे. आतल्या कपाटात, काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्येय. निम्म्याहून कमी उरलं आहे, पण खराब झालेलं नाही. कृती मात्र कुठेच सापडत नाही. बाबांच्या वह्या, तुझ्या शाळेच्या वह्यासुद्धा पालथ्या घातल्या. तेव्हा कृती पाठव. बाटलीवर तुझंच नाव घालीन, माझं नाही.

बाकी झालं ते झालं. अकरा वर्षांनी ते उगाळून काय मिळणार आहे?

ताई

२ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. बरं. मी आपली लिहीत राहते. आपल्या दोघींत बडबडी मी आहे हे बाबाच सांगायचे.

काल दोन्ही बाटल्या समोर घेऊन बसले. तुझ्याबरोबर बसले असते तर भांडण झालं असतं, एकटी होते म्हणून खरं बोलते. माझं अनंत थंडीतलं आहे. जाड कपडे, बंद दिवाणखाना, संध्याकाळचं जेवण, चार माणसं जवळ जवळ बसलेली, अशा जागी ते शोभतं. साय धरलेल्या दुधासारखं दाट आहे. स्वेटरला एकदा लागलं की आठवडाभर सोडत नाही. पण त्याला उन्हात नेलं की ते अंगावर येतं. जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. बँकेतल्या बाई खोटं बोलल्या नाहीत.

तुझा निशिगंध अगदी उलटा. कालच्या थंडीत वास घ्यायच्या कागदी पट्टीवर घेतला, तर काही नाही. थोडं हिरवं, थोडं ओलं, संपलं. मग दोन्ही तळहातांत धरून बसले. पाच मिनिटांनी तुझे भावोजी स्वयंपाकघरातून ओरडले, "काय गं, फुलवाला आला का?" साबण आणि सेंट यांतला फरक ज्या माणसाला तीस वर्षांत कळला नाही, तो हे म्हणाला!

दोन्ही भारी फुलं, दोन्ही दांडगी. पण एक दार लावून घेऊन लावायचं आणि दुसरं दार उघडं टाकून. आपण त्यांची बरोबरी लावायला बसलो होतो, हेच मुळात वेडेपणाचं.

पण बाबांचा नियमच तसा होता ना. दुकानाचं मोठं फूल एकच. मधल्या फळीवर, डोळ्यांच्या रेषेत. आजोबांचं चाफ्याचं होतं, मग बाबांचा गुलाब आला. बाबांनंतर जिचं फूल फळीवर जाईल, तिची बाबांची खुर्ची. आपल्या दोघींच्या फुलांची परीक्षा उन्हाळ्यातच व्हायची होती, ती जानेवारीत झाली. त्याला मी काय करणार? बाबा दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. मेपर्यंत थांबायचं कुणाच्या जिवावर? घाई मी केली असं तुला वाटत असेल, तर घाई काळजीपोटी होती.

बाबा तुझ्या पट्टीबद्दल जे म्हणाले ते मला आवडलं होतं असं समजू नकोस. "पाणी आहे हे. नुसतं पाणी." इतकं लागेल असं बोलायला नको होतं त्यांनी. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

कृती पाठव. बाई दर आठवड्याला येऊन विचारतात.

ताई

२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी एक ओळ. "त्या दिवशी वासाच्या खोलीतला हीटर कोणी बंद केला होता?"

ना नमस्कार, ना कशी आहेस.

अगं, तो हीटर किती जुना होता तुला माहीत नाही का? लहर लागली तर चालायचा. त्या दिवशी नेमका बंद पडला असेल. मी सकाळपासून बाबांचं औषधपाणी बघत होते, हीटरकडे बघायला वेळ होता कुणाला? पुढच्याच महिन्यात वायरमनला बोलावून दुरुस्त करून घेतला, तुझ्या भावोजींना विचार.

आणि इतकं होतं तर तेव्हाच का नाही बोललीस? मुकाट्याने पायांत बूट घातलेस आणि चालू पडलीस. हीटरला टेकून बूट घातलेस. हे मला आठवतंय.

ताई

६ मार्च

भिंगरे,

मागचं पत्र टाकलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. भावोजींना दाखवलं होतं मी ते. वाचून म्हणाले, "वायरमन कोणता गं? आपल्याकडे तर कधी आला नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वेळी म्हण वापरली त्यांनी.

हीटर मी बंद केला.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. बाबांचा नियम तुला माहीत होता, मलाही होता. फूल थंडीत तोंड उघडत नाही, म्हणून परीक्षेआधी तासभर खोली गरम करायची, खिडक्या लावायच्या. त्या सकाळी मी सहाला उठून हीटर बंद केला आणि दोन्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या. तू येण्याआधी दहा मिनिटं त्या लावल्या. बाबांना त्या दिवसांत सारखीच थंडी वाजायची. दोन रजया पांघरून बसले होते ते. खोली गार आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. आणि तू धावत आलीस, घामेजलेली, स्कार्फ सोडत. तुलाही कळलं नाही. बूट घालताना हीटरला हात लागला तेव्हा कळलं, हो ना? तू क्षणभर थांबलीस. माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीबाहेर बघत होते.

म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत आहे आणि तरी तू विचारतेस. मी खरं सांगते का, एवढंच बघायचं होतं तुला.

एवढ्यावरच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. माझी बाटली मी पहाटेपासून स्वेटरच्या आत पोटाशी धरली होती. पट्टी बुडवली तेव्हा ती अंगाइतकी गरम होती. तुझी खिडकीच्या कट्ट्यावर होती. कट्ट्यावर मीच ठेवली होती, "इथे दे, मी मांडते" म्हणून तुझ्या हातातून घेऊन. बाबा पट्टी बघून ते पाण्याचं बोलले, आणि मग म्हणाले, "हाताला लावून दाखव, कातडीवर बघू." आठवतं? आधी कागद, मग कातडी, मग कापड, हा त्यांचा क्रम. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दमलात. कागदावर कळलंय ना सगळं?" आणि त्यांनी मान डोलावली.

का केलं? मी थोरली होते म्हणून. बावीस वर्षं मी त्या दुकानात उभी होते आणि तू दोन उन्हाळे येऊन जे केलंस ते माझ्याने झालं नसतं. तुझ्या हाताचा वास मी त्या मेमध्येच घेतला होता. बँकेतल्या बाईंच्या आधी. मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

गंमत अशी की माझं अनंत खरंच चांगलं आहे गं. गरम खोलीत, सरळ मार्गाने बसलो असतो तर कदाचित बाबा म्हणाले असते, एक थंडीचं, एक उन्हाळ्याचं. ती मधली फळी मी काल मोजली. सहा फूट आहे. दोन बाटल्या मावल्या असत्या आणि मध्ये फुलदाणीसुद्धा राहिली असती.

माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

ताई

११ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आलं. दहा ओळी आहेत. मी त्या बाबांच्या खुर्चीत बसून वाचल्या आणि उठून साध्या स्टुलावर बसले.

कृती नाही. त्याच दिवशी घरी गेल्यावर तू वही चुलीत घातलीस. आणि डोक्यातूनही गेली, कारण बाबा पाणी म्हणाले ते पाणीच असणार, असं तुला वाटलं. हीटरचं कळूनही वाटलं. "तू हीटर बंद केलास हे मला माहीत होतं, पण बाबांचं नाक थंडीतही चुकत नाही हेही माहीत होतं." असं लिहिलंस तू. मग फरशी पुसायच्या औषधाच्या कारखान्यात लागलीस. दहा वर्षं लिंबाचा आणि पाइनचा वास पिंपात ओतलास, आणि आता म्हणतेस नाक उरलेलं नाही. भाजी करपली तरी धूर दिसल्यावर कळतं.

शेवटी लिहिलंस, "बाईंना अनंतच दे. मोठं फूल तेच आहे."

माझी बहीण शोभशील अशीच शिक्षा दिलीस. चार दिवस दुकान उघडलं नाही.

एक गोष्ट अजून राहिली आहे. ती मी मागच्या पत्रात लिहिली नाही, कारण हीटर कबूल केल्यावर मला वाटलं, सुटले. तुझ्या दहा ओळी वाचल्यावर कळलं की हीटर ही त्यातली लहान गोष्ट होती. पण आज हात चालत नाही. आणि ती नुसती लिहून भागणार नाही, सोबत काही पाठवावं लागेल. बाईंकडचं लग्न होऊ दे.

ताई

२९ मे

भिंगरे,

आधी लग्नाचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

बाईंना मी खरं ते सांगितलं की कृती गेली, आता हे पुन्हा होणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "बाटली देऊ नका. त्या दिवशी येऊन एक थेंब लावा, बस." मी गेले. लग्न बागेतच होतं, तंबूखाली, दुपारी बाराला, वारा नावाला नाही. दोन्ही मनगटांवर आणि मानेमागे लावलं. वीस मिनिटं काही नाही. मग त्यांचं अंग तापलं आणि ते उघडलं. अगं, काय उघडलं! अनंतासारखं अंगावर आलं नाही, त्यांच्या पुढे पुढे चाललं. बायका माना वळवून बघत होत्या. एका आजीबाईंनी तर त्यांचा हातच धरून ठेवला. नवरीने आईच्या गळ्यात तोंड घातलं आणि म्हणाली, "आई, आज तू तूच वाटतेस." तीन जणींनी मला विचारलं, कोणाचं आहे? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं. हे वाक्य मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले.

आता दुसरं.

ती परीक्षा झाली त्याच वर्षीचा मे. तू जाऊन चार महिने झाले होते. बाबा खाटेवरच होते. एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला, खोलीची भट्टी झाली. बाबा एकदम म्हणाले, "धाकटीची बाटली आण."

मी आणली. त्यांनी स्वतःच मनगटाला लावलं आणि डोळे मिटून पडले. मला वाटलं झोप लागली. पंधरा-वीस मिनिटांनी डोळे उघडले ते भरलेले होते. म्हणाले, "याला पाणी कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

"मी? मग मी गाढव आहे." मग विचारलं, "त्या दिवशी हीटर चालू होता ना गं?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

तू विचारलंस तोच प्रश्न. त्यांनाही मी खोटंच सांगितलं. त्यामुळे त्यांना वाटलं की आपलं नाकच गेलं, म्हातारपणाने दगा दिला. खोली गार होती एवढं मी म्हटलं असतं, तर त्यांना तेवढा तरी दिलासा मिळाला असता. तेही दिलं नाही मी.

ते म्हणाले, "तिला बोलाव. मला तिच्या तोंडावर सांगायचंय." मी म्हटलं, कळवते. कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, मी म्हटलं, तिला सुट्टी मिळत नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, येते म्हणाली आहे. दाराची कडी वाजली की ते मान उचलायचे. दूधवाला यायचा, शेजारीण यायची. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले.

तेव्हा तू आलीस. तासभर उभी राहिलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. जाताना दारात थांबून एवढंच विचारलंस, "माझ्याबद्दल काही म्हणाले?" मी म्हटलं, "शेवटी बोलणंच बंद झालं होतं त्यांचं." आणि त्या वेळी हे माझ्या खिशात होतं.

हे म्हणजे सोबतची पट्टी. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक कागदी पट्टी मागून घेतली, तुझ्या बाटलीत बुडवली आणि पेन्सिलीने लिहिलं. ती आली नाही तर दे म्हणाले. नंतर ती मी कृतींच्या वहीत दडवली. फाडून का टाकली नाही, हे मला सांगता येणार नाही. दर वर्षी मेमध्ये काढून बघायचे आणि परत ठेवायचे. पहिली दोन वर्षं वास होता.

अक्षर वाकडं आहे, तेव्हा इथे उतरून देते. "धाकटीचं. उन्हाळ्यात, कातडीवर. हेच मोठं फूल. चूक माझी." खाली तारीख आहे.

चूक त्यांची नव्हती. ते तू त्यांना सांगू शकत नाहीस आणि मीही नाही. हे मी त्या खुर्चीत बसून रोज घोकते आहे.

बाटली याच डब्यात आहे, कापसात घट्ट बसवली आहे. त्यातले चार थेंब बाईंना गेले, बाकी सगळं तुझं. माझ्याकडे काही ठेवलेलं नाही. अनंत फळीवरून काढलं. तुझ्या भावोजींनी विचारलं, आता तिथे काय ठेवणार? मी म्हटलं, काही नाही.

तू ये असं लिहिणार नाही. तो हक्क मी घालवला. तुझं नाक गेलंय, तेव्हा बाटलीचा उपयोग नाही म्हणशील. तुझ्या शेजारी कोणी तरी असेल, तिच्या हाताला लावून तिला विचार. पट्टीला तर आता कोणालाच वास येणार नाही, पण ती वाचायची आहे. बाबांचं अक्षर तुला लागतं.

पोचल्याचं नाही कळवलंस तरी चालेल. फक्त दुपारी उघड, खोली चांगली तापलेली असताना.

ताई